शेपूची परतफेड

हिवाळ्यात लोणावळ्याच्या बाजारात गेलं की शेपू डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला भेटतो. चिक्कीच्या दुकानांमधून येणारा गुळाचा दाट, गोड वास मागे पडतो, पर्यटकांची गर्दी पातळ होते आणि गोणपाटांवर भाज्या मांडून बसलेल्या बायकांची ओळ लागते. मेथी, चाकवत, हरभऱ्याचा कोवळा पाला, मुळ्यांचे पांढरेशुभ्र गठ्ठे आणि या सगळ्यांच्या कडेला, जरा अंग चोरून बसलेल्या शेपूच्या जुड्या. बाईने त्यांच्यावर हाताने पाणी शिंपडलं की तो वास उसळून वर येतो. हिरवा, तिखट, थोडासा औषधी. काहींना तो सोसत नाही, काहींच्या तोंडाला पाणी सुटतं. माझ्या बाबतीत तिसरंच काहीतरी होतं. माझे दात आपोआप एकमेकांवर दाबले जातात. मग मी एक जुडी घेते, घरी येते आणि ती अशी निवडते, की बघणाऱ्याला वाटावं या भाजीने बाईंचं काहीतरी घोडं मारलंय.

भाजीने काही केलेलं नाही. लहानपणी मला शेपू आवडत नसे, एवढंच. टाकव्याच्या पुढे, आंदर मावळात डोंगराच्या कुशीला आमचं गाव. भाताची कापणी झाली की आई विहिरीजवळच्या ओलाव्याच्या तुकड्यात शेपू टाकायची आणि मग पुढचे दोन महिने घरात शेपूच शेपू. मी प्रत्येक घासाला कुरकुर करायची. वास येतो, जिभेवर चोथा राहतो, मुगाची डाळ कच्चीच आहे, मीठ कमी आहे. आईच्या शेपूला नावं ठेवणं हा माझा हिवाळ्यातला आवडता उद्योग होता. आई त्याकडे लक्ष न देता ताटात आणखी एक डाव वाढायची. पण हा झाला घरातला लाडिक वैरभाव. दात दाबले जातात ते त्याने नाही. तो राग फार लांबून, बर्फातून चालत आलेला आहे आणि इतक्या वर्षांत त्याचा एक काडीइतकाही भाग मी सांडू दिलेला नाही. मी डूख धरणारी बाई आहे. माणसाने झालं गेलं विसरावं असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा येतो, आणि तुम्हीही माझ्यासारखेच असाल, एखादं जुनं उणं बोलणं उशाखाली ठेवून झोपत असाल, तर तुम्हाला माझं म्हणणं चटकन कळेल.

तळेगावच्या कॉलेजातून पदवी घेऊन मी शिष्यवृत्तीवर स्वीडनमधल्या एका मध्यम शहरात माती आणि पाणी या विषयाचं पुढचं शिक्षण घ्यायला गेले. आमच्या गावातून इतक्या लांब गेलेली मी पहिलीच. मावळातल्या पोरीला पाण्याचं आणि चिखलाचं काय शिकायचं राहिलंय, असं गावात पुष्कळांनी विचारलं. शिकायचं राहिलं होतं ते वेगळंच. आमच्या कॉलेजात सर वर्गात आले की आम्ही बाकांचा खडखडाट करत उभे राहायचो आणि त्यांनी सांगितलेलं जसंच्या तसं उतरवून घ्यायचो. इथे प्राध्यापक पाठीला सॅक लावून सायकलवरून येत आणि सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारत. माझ्या तोंडातून ते नाव निघेना, म्हणून मी आपली घसा खाकरून लक्ष वेधायची. ते वळून विचारत, "तुला काय वाटतं?" मला काय वाटतं हे तोवर कुणी विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे मला काही वाटतं की नाही याचाही मला पत्ता नव्हता. परीक्षेच्या पेपरावर नाव लिहीत नसत. नापास झालेला मुलगा मान खाली न घालता पुन्हा परीक्षेला बसे. कॉफीच्या वेळी शिक्षक आणि विद्यार्थी एकाच टेबलाशी दालचिनी घातलेला गोड पाव खात. मला हे सगळं आवडलं. हे मुद्दाम सांगते, कारण त्या देशाने माझं भलंच केलं. म्हणूनच जे लागलं ते जास्त लागलं.

आमच्या वसतिगृहात मजल्यागणिक एक स्वयंपाकघर होतं आणि फ्रिजचा एकेक कप्पा प्रत्येकाच्या नावाने वाटून दिलेला होता. जग काय असतं ते मला वर्गापेक्षा त्या स्वयंपाकघरात जास्त कळलं. घानाचा एक उंच तरुण होता. तो पहिला घास घेण्याआधी, समोर जो असेल त्याला, "ये, माझ्याबरोबर जेव," असं म्हणायचाच. कुणी येणार नाही हे ठाऊक असलं तरी म्हणायचा. न म्हणता जेवलो तर आजी स्वप्नात येऊन कान पिळते, असं सांगायचा. कोरियाची एक मुलगी भेटली की कशी आहेस असं न विचारता, जेवलीस का, असं विचारी. आणि माझ्या शेजारच्या खोलीत इराणची मुलगी. तिच्याकडे काहीही द्यायला गेलं की तीनदा नको म्हणायची आणि मग घ्यायची. मीही तीनदा नको म्हणणारीच, त्यामुळे एका संत्र्यावरून आमचा बराच वेळ जाई. भाताच्या तळाची कुरकुरीत खरवड त्यांच्याकडे पाहुण्याला मानाने वाढतात, हे कळल्यावर मी तिला आपली मानली. आमच्या घरी खरवडीवरून भावंडांत मारामाऱ्या झालेल्या आहेत.

आणि मग ती. तिथलीच. अभ्यासात माझ्या गटात होती. वेळेला पक्की, कामाची वाटणी चोख, जेवणाचा स्वतःचा डबा रोज घरून आणणारी. माझं इंग्रजी अडखळलं की थांबून राहायची, मध्येच शब्द पुरवायची नाही. मनाने वाईट नव्हती. हे लिहिताना मला त्रास होतोय, पण नव्हती.

एका हिवाळ्यात आमचा प्रकल्प संपवायला मी तिच्या घरी गेले. शहराबाहेर, आईवडिलांच्या लाकडी घरात. तिच्या आईने दारात हात मिळवला, बूट कुठे काढायचे ते दाखवलं आणि ती आत गेली. आम्ही वरच्या खोलीत काम करत बसलो. दुपारीच अंधार पडला, बर्फ वाढला आणि माझी परतीची बस रद्द झाली. पुढची बस यायला अजून वेळ होता. तेवढ्यात खालून तिच्या आईची हाक आली. ती उठली आणि अगदी सहज म्हणाली, "आम्ही आता जेवून घेतो. तू इथे बस. ही मासिकं आहेत, कंटाळा आला तर वाच."

मला आधी वाटलं, गंमत करतेय. मग वाटलं, आता कुणीतरी वर येईल आणि म्हणेल, चल गं. दार अर्धवट उघडं होतं. त्यातून उकडलेल्या बटाट्यांचा, लोण्याचा, माशाचा आणि त्या सगळ्यावर पसरलेला शेपूचा वास वर आला. आमचाच शेपू. घरापासून हजारो मैलांवर, ज्या वासावर मी जन्मभर नाक मुरडलं, तो त्या दारातून आला आणि मी मासिक छातीशी धरून बसले. खाली काटेचमचे वाजत होते. तिचे वडील काहीतरी बोलले आणि तिघं हसली. माझ्यावर नाही हसली, हे मला ठाऊक आहे. पण त्या घरातली हसणारी माणसं आणि मी यांच्यामध्ये एक जिना होता आणि तो उतरून ये असं मला कुणी म्हणत नव्हतं. आमच्या ओट्यावर रस्ता चुकलेला गुराखी जरी टेकला तरी आत भाकरी मोजली जात नाही, तव्यावर आणखी एक पडते. मी जेवून आल्यासारखं बसायचा प्रयत्न केला. मग ती तोंड पुसत वर आली आणि म्हणाली, "कंटाळलीस का?" मी म्हणाले, "छे, मुळीच नाही."

बस स्टॉपवर उभी होते तेव्हा आईचा फोन आला. आपल्याकडे तेव्हा निजानीज झालेली असणार, पण बस रद्द झाल्याचं मी कळवलं होतं, तेव्हापासून ती जागीच होती.

"जेवलीस का गं?"

"जेवले. मैत्रिणीच्या घरी."

"काय क्येलं व्हतं?"

"शेपू. बटाट्यावर घालतात इकडे."

"बरा व्हता का?"

"छान होता," मी म्हणाले.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मला वाटलं, रेंज गेली. मग म्हणाली, "बरं. नीट जा."

वसतिगृहात परतले तर स्वयंपाकघरात सगळे होते. माझा चेहरा पाहून कोरियाच्या मुलीने काही न विचारता पाणी उकळायला ठेवलं, आणि मग त्या टेबलाशी माझा खटला चालला. घानाचा तरुण आधी हसला, मग त्याला मी थट्टा करत नाही हे कळलं आणि तो इतका चिडला की त्याने स्वतःच्या ताटातला अर्धा भात माझ्यापुढे सारला. इराणची मुलगी तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. ते भाषांतर करण्यासारखं नाही, असं म्हणाली. पुढे तिथली भाषा शिकवणाऱ्या बाईंनी मला या चालीचं कारण समजावलं. कुणाचं मूल आपल्या घरी आलं तर त्याच्या आईने त्याच्यासाठी रांधून ठेवलेलं असतं, ते वाया घालवू नये. न विचारता जेवू घालणं म्हणजे दुसऱ्याला आपल्या उपकाराखाली ठेवणं. शिवाय ज्याला हवं असतं तो मागतो, मागायला शाळेतच शिकवलेलं असतं. कारण ऐकलं, समजलं आणि वहीतही उतरवून घेतलं. पण समजल्याने राग जातो असं ज्यांना वाटतं, त्यांना खरा राग आलेला नसतो. त्या रात्री इराणच्या मुलीने खरवड माझ्या ताटात घालून मला एक शाप शिकवला होता. म्हणाली, "एक दिवस ती तुझ्या घरी येईल. तेव्हा तिला उंबऱ्याबाहेर बसव, आणि तू आत जेव." मी तो शाप आशीर्वादासारखा जपला.

सुट्टीला गावी आले तर माझी थापच माझ्या आधी पोचलेली. आईने गावभर सांगितलं होतं, की परक्या मुलखात एका माउलीने माझ्या लेकीला बर्फात घरी नेलं आणि शेपू करून जेवू घातलं. पाणवठ्यावर बायका मला विचारत, तिकडंबी शेपूच खात्यात व्हय? मी व्हय म्हणायची आणि आतल्या आत जळायची. जिने मला उपाशी बसवलं तिला माझ्याच गावात दुवा मिळत होता. आईला खरं सांगावं असं अनेकदा वाटलं. पण शेतात वाकलेल्या आईच्या डोळ्यांसमोर, तिची पोर दुसऱ्याच्या माडीवर वास घेत बसलीय, हे चित्र मला उभं करायचं नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले आणि त्या गप्पपणाचाही हिशेब त्या मैत्रिणीच्याच खात्यावर मांडला.

वर्षं गेली. लग्न झालं, लोणावळ्यात घर झालं, मी कॉलेजात शिकवू लागले. परदेशी जाणारी मुलं विचारायला येतात, मॅडम, तिकडे काय न्यावं? मी त्यांना कुकर सांगते, लोणचं सांगते आणि मग अभ्यासक्रमात नसलेली एक गोष्ट सांगते, की तिकडे भूक लागली तर तोंडाने सांगायची. मुलं हसतात. इकडे भाकरी थापता थापता मी ते वाक्य घोटत असे. आम्ही आता जेवून घेतो, तू इथे बस. तितकंच सहज, तितकंच थंड. आवाज चढवायचा नाही. हसायचंही नाही.

आणि मग गेल्या हिवाळ्यात तिचा मेसेज आला. पुण्याला कामासाठी येतेय, तू ज्या गावाबद्दल बोलायचीस ते बघायला आवडेल. मी फोन टेबलावर ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. राग इतकी वर्षं वाट पाहतो आणि त्याची गाडी खरोखरच येते, असं क्वचित होतं.

अडचण होती ती आईची. पाहुणी येणार म्हटल्यावर आई शेजारणीकडून कोंबडी ठरवणार, हे मला ठाऊक होतं. मी फोनवर तिला बजावलं, "आई, तिचं पोट नाजूक आहे. बाहेरचं काही चालत नाही. ती बाहेर बसेल, आपण आपलं जेवून घ्यायचं. आग्रह करायचा नाही." आई हुज्जत घालेल असं वाटलं होतं. ती नुसतं "बरं" म्हणाली. माझा विश्वास बसला नाही, पण मला ते हवंच होतं.

तिला एसटीनेच यायचं होतं. टाकव्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची रिकामी खाचरं, खळ्यांवर पेंढ्याचे ढीग, नव्या तांदळाचा कोरडा सुगंध. ती पूर्वीसारखीच होती, केस थोडे पिकलेले. बांधावरून चालताना तिने पाणी कुठून अडवता, कुठे सोडता असे नेमके प्रश्न विचारले आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घेतलं. घराशी आलो तर सांगायच्या आतच तिने बूट काढून ओळीत ठेवले. तिच्याकडून एखादी चूक झाली असती तर माझं काम सोपं झालं असतं, पण तिने तेवढीही सवलत दिली नाही.

जेवायची वेळ झाली. आतून फोडणीचा आवाज आला आणि त्याच्यामागून शेपूचा वास. आईने शेपूच केला होता. मी ओट्यावर सतरंजी टाकली, तिला बसवलं आणि म्हणाले, "आम्ही आता जेवून घेतो. तू इथे बस."

वाक्य हवं तसंच उतरलं. ना एक शब्द कमी, ना एक जास्त. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर जे उमटायला हवं होतं त्याची मी इतकी वर्षं कल्पना केली होती, की ते नसलेलं मला आधी दिसेचना. "हो, हो, सावकाश होऊ दे," ती म्हणाली. मग तिने पिशवीतून डबा काढला, त्यातून चीज घातलेला पाव आणि उकडलेलं अंडं बाहेर आलं, आणि ती भिंतीला टेकून, समोरच्या डोंगराकडे बघत निवांत खाऊ लागली. तिला कुणी काही केलेलंच नव्हतं. उलट कुणीतरी तिच्या मनाप्रमाणे वागलं होतं. मी उंबऱ्यात उभी राहून माझा सूड पावाबरोबर चावला जाताना बघत होते.

त्यात समोरच्या वाटेने शेजारचे आबा बैल घेऊन चालले होते. ते थांबले. पाहुणीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या पावाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय गं पोरी, पाव्हनीला भाईर बशिवली? आन ती बिचारी घरचा डबा खाती? तुमच्या वट्यावर?"

आबांच्या एका नजरेत माझी, आईची आणि त्या ओट्याची उभ्या गावात काय किंमत झाली ते मला दिसलं. अपमान व्हायचा होता तिचा आणि झाला आमचा. ती आबांकडे पाहून हसली आणि तिने हात हलवला.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात ताट. नव्या इंद्रायणीचा वाफाळता भात, तांदळाची भाकरी, वरण, आणि मुगाची डाळ घालून केलेला हिरवागार शेपू. ताट तिच्या पुढ्यात ठेवून आई तिच्यासमोर खाली बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मराठीत बोलू लागली.

"ही माजी लेक तुमच्या मुलखात व्हती तवा तुमच्या आईनं तिला बर्फात घरी न्येलं. जेवू घातलं. शेपू घातला. त्ये मी इसरले न्हाई. म्हनून आज शेपूच क्येला. ह्या वट्यावरनं कुनी उपाशी जात न्हाई, तुमच्या घरनं बी माजी पोर उपाशी आली न्हाई. तुमच्या आईचे लय उपकार हायेत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग तिला. शबूद न् शबूद सांग."

मी सांगितला. इंग्रजीत, एकही शब्द न गाळता. बर्फ, बस, शेपू, तिची आई, उपकार. बोलता बोलता मला कळत गेलं, की जे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं ते माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतंय. ती आधी हसत ऐकत होती. मग हसू थांबलं. ती आठवू लागली. आणि मग तिला आठवलं. तिचा चेहरा मानेपासून लाल होत गेला. तिने हातातला पाव डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. माझं वाक्य जे करू शकलं नाही ते आईच्या आभारांनी केलं होतं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. पाणी पिऊन तहान भागावी तसं बरं वाटलं.

"पण आम्ही तुला जेवायला दिलं नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "तू वर होतीस. तिला सांग. तिने माझे आभार मानू नयेत. खरं काय ते सांग."

त्यांना खरं बोलायलाही शाळेतच शिकवलेलं असतं. आता सूड माझ्या हातात होता, आयता, आणि तिनेच दिलेला. मी एक वाक्य मराठीत बोलले असते की पुरे होतं. आईचा हात अजून तिच्या गुडघ्यावर होता. आई माझ्याकडे बघत होती.

"काय म्हनती?"

"म्हणतेय, वास घरच्यासारखा आहे."

तिला मराठी येत नव्हती, पण आईचा चेहरा बदलला नाही यावरून तिला कळलं, की मी सांगितलेलं नाही. ती माझ्याकडे काही क्षण बघत राहिली. मग तिने ताट जवळ ओढलं. पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरले. शेपूने, तिखटाने, की आणखी कशाने, मी विचारलं नाही. आईने वाढायला सुरुवात केली. भात संपला की भात, भाकरी संपायच्या आधी भाकरी. ती म्हणाली, "पुरे, धन्यवाद." आईने विचारलं, काय म्हनती? मी म्हणाले, अजून थोडं. ती पुन्हा म्हणाली, खरंच नको. मी म्हणाले, शेपू वाढ. ताटात टाकायचं नाही, ही शिस्त त्यांच्याकडेही आहे. ती शेवटचं शीत संपेपर्यंत जेवली आणि मी उंबऱ्याशी बसून बघत राहिले. मी तिला 'बास' हा शब्द शिकवला असता तर ती सुटली असती. मी शिकवला नाही.

दुपारच्या गाडीची वाट बघत आम्ही फाट्यावर उभ्या होतो तेव्हा ती म्हणाली, "भूक लागलीय असं तू तेव्हा म्हणाली का नाहीस?"

"तू विचारलं का नाहीस?" मी म्हणाले.

ती सॉरी म्हणाली. मनापासून म्हणाली. यावर 'असू दे' म्हणायची पद्धत आहे, ती मला ठाऊक आहे. मी म्हणाले, गाडी आली.

परत घरी आले तर आई मोरीशी बसून ताट घासत होती. मी खांबाला टेकून उभी राहिले. आता सांगून टाकावं असं वाटलं. निदान कुणाचे उपकार नव्हते, एवढं तरी तिला कळू दे.

"आई, तिकडे त्या दिवशी..."

"म्हाईत हाय," आई म्हणाली. ताटावरचा हात थांबला नाही. "फोनवर शेपूला छान म्हनलीस. जन्मात कदी म्हनली न्हाईस. जेवली असतीस तर नावं ठिवली असतीस. तवाच कळलं, पोरगी उपाशी हाय."

विहिरीकडून वारा येत होता.

"मग गावभर जेवू घातलं म्हणून का सांगत सुटलीस?"

"मग काय सांगायचं? माज्या पोरीला वास द्येऊन बशिवली म्हनून?" तिने ताट पाण्यातून काढून उभं केलं. "मी बी वाट बघत व्हते. शबूद न् शबूद सांगितलास न्हवं?"

"सांगितला."

"मग झालं."

पाहुणीची गाडी आता कुठे पोचली असेल, असा विचार मी बराच वेळ करत होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, की त्या वरच्या खोलीत मी एकटीच बसलेय. आई तेव्हापासून माझ्या शेजारी बसून होती, आणि माझ्यापेक्षा जास्त धीराने. राग पुरता गेलेला नाही, जाऊ द्यायचाही नाही. पण एका गोष्टीची सोय आता राहिली नाही. आईशी फोनवर खोटं बोलता येत नाही. म्हणून बाजारातून आणलेला शेपू निवडून झाला की मी त्याची भाजी करते, पोटभर खाते आणि मग गावी फोन लावते. वास येतो, चोथा राहतो, डाळ कच्चीच राहिली, असं सगळं तिला ऐकवते. आई पलीकडे हसत असते.